स्वयंपाकघरातला भोंगा

१

अप्पांच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. मुलानं दार उघडून त्यांना फरफटत बाहेर आणलं तेव्हा ते गाढ झोपेत असावेत तसे दिसत होते. फक्त नाकपुड्या काळ्या झाल्या होत्या. खोली भडकली ती नंतर, उघड्या दारातून वारा आत शिरल्यावर. डॉक्टरांनी दोन ओळींत लिहून दिलं होतं की माणूस धुरानं गेला, आणि घरातले अलार्म वाजण्याच्या बराच आधी गेला.

ही गोष्ट शनिवारी दुपारी चारची. सोमवारी सकाळी अग्निशमन दलाच्या तपास अधिकारी त्या खोलीत गुडघे टेकून बसल्या होत्या आणि गादीचं जे काही उरलं होतं ते छोट्या खुरप्यानं थर थर करून उकरत होत्या. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांची राख चिवडून त्यांच्या नखांत काळा रंग कायमचा बसला होता. दलातली माणसं त्यांना पाठीमागे काजळीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकत नव्हती. याहून वाईट नावं पडलेले साहेब त्यांनी पाहिले होते.

"यात शोधायचं काय राहिलंय?" दारातून आवाज आला. अप्पांची मुलगी उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "घरात चार अलार्म आहेत. एकमेकांना जोडलेले. एकाला कळलं की चारही वाजतात. मग अप्पांच्या डोक्यावरच्याला सगळ्यात आधी का कळलं नाही, ते माझ्या वहिनीला विचारा."

"तुमचं म्हणणं काय आहे?"

"एक दिवस हे भोंगे उपटून फेकून देईन, असं ती शेजारच्या बाईंसमोर बोललीय. आणि अप्पांच्या पाठीखाली हीटिंग पॅड कुणी ठेवलं होतं? तिनंच. मी पोलिसांत तसं लिहून दिलंय."

बाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं. अलार्म वितळून त्याचा काळा गोळा झाला होता. त्याच्याकडून आता काही कळणार नव्हतं. पोलिसांनी मात्र सरळ सांगितलं होतं: उद्या दुपारपर्यंत तुमचा अहवाल द्या. अलार्म मुद्दाम बिघडवला असं त्यात आलं तर सुनेला संध्याकाळी उचलायचं. तिचा नवरा शनिवारपासून तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. म्हणजे घरातला निकाल आधीच लागला होता.

मुलगी गेल्यावर बाईंनी हीटिंग पॅडची वायर भिंतीपर्यंत चाचपत नेली. प्लग खोचलेला होता, पण बटण बंद होतं. शिवाय पॅड गादीच्या दाराकडच्या बाजूला होतं, आणि गादी सगळ्यात खोल जळली होती ती भिंतीकडच्या बाजूला.

२

स्वयंपाकघराला आगीची झळसुद्धा लागली नव्हती. सून ओट्याला टेकून उभी होती. पस्तिशीची, सडपातळ. रडून रडून तिचा चेहरा कोरडा पडला होता. रडणाऱ्यांचा काजळीबाईंना राग नव्हता, पण रडण्यावर विश्वासही नव्हता. आजवर खऱ्या दोषींनी त्यांच्यासमोर जितके अश्रू ढाळले होते तितके निर्दोषांनी ढाळले नव्हते.

"भोंगे उपटून टाकीन, असं तुम्ही म्हणालात?"

"म्हणाले," सून म्हणाली. "एकदा नाही, दहादा म्हणाले असेन. तुमच्या डोक्यावर तो दिवसातून दोनदा बोंबलला असता तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

बाईंना तिचं हे न लपवणं जरा आवडलं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. त्या स्वयंपाकघर न्याहाळत होत्या. भिंतीवरच्या वरच्या फळ्या रिकाम्या होत्या. सगळे डबे ओट्यावर दाटीवाटीनं मांडलेले, ताटं तर जमिनीलगतच्या कप्प्यात.

"वरच्या फळ्यांचं काय वाकडं आहे?"

"खांदे आखडलेत. वर्ष झालं. आधी उजवा, मग डावा. हात इथपर्यंतच जातो." तिनं हात उचलून दाखवला. तो छातीच्या वर गेला नाही. "केस विंचरायलासुद्धा खाली वाकावं लागतं."

"मग वाजला की बंद कसा करायचात?"

सुनेनं कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू दाखवला. छतावरच्या पांढऱ्या अलार्मच्या बटणाभोवती दांड्याचे टोचे पडून पडून खळगे झाले होते. शंभरेक तरी असतील.

"हे पहिल्यापासूनचं आहे?"

"नाही. बसवल्यावर महिनाभर शहाण्यासारखा गप्प होता. मग एका सोमवारी सकाळी मी कांदा परतत होते आणि अचानक घर डोक्यावर घेतलं त्यानं. दोन महिने झाले, तेव्हापासून ऊठसूट. रविवारी ताई येतात तेव्हा तेवढे दोन तास मला उसंत. ताई अप्पांजवळ बसतात आणि आम्ही दोघं बाजारहाट करून येतो."

"कांदा परतताना वाजला?"

"हो. त्यात काय एवढं? चारही सारखेच ना?"

बाईंनी खिशात हात घातला. अलार्म बसवणाऱ्या वायरमनच्या पावतीची नक्कल त्यांच्या खिशात होती. त्यांनी ती काढून पुन्हा वाचली. तीन जागांपुढे 'धूर' असं लिहिलं होतं. स्वयंपाकघरापुढे 'उष्णता'.

उष्णतेचा अलार्म कांद्याच्या धुराला वाजत नाही. तो स्वयंपाकघरात लावतात तो त्यासाठीच.

३

मुलगा घरूनच नकाशे काढायचा. वरच्या मजल्यावरून तो खाली आला तो बायकोकडे न बघता. बाईंनी त्याला स्टूल धरायला लावलं आणि स्वतः वर चढल्या.

"शनिवारी तुम्ही कुठे होतात?"

"वर, कामात. ही मागच्या अंगणात, हिच्यासाठी खाली बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. अलार्म वाजला. मला वाटलं, नेहमीसारखं काही तरी करपलं असेल. मी वरूनच ओरडलो, बंद कर गं म्हणून." त्यानं स्टुलावरची पकड सावरली. "चार-पाच मिनिटं मी तसाच बसलो, बाई. हिनं दोन महिने सवयच लावून ठेवली होती."

"अप्पांच्या खोलीतला अलार्म चालू होता, याची खात्री आहे?"

"दर शनिवारी सकाळी मी बटण दाबून बघतो. त्या सकाळीही चारही वाजले. म्हणजे जे काही केलं ते त्यानंतर केलं."

"आणि हा स्वयंपाकघरातला? इतका छळतो तर तुम्ही काही केलं नाहीत?"

"वायरमनला दोनदा फोन केला. येऊन बघा म्हटलं. आलाच नाही."

बाईंनी मान हलवली. अशा अलार्मचे दोन भाग असतात. एक पाट, तो छताला स्क्रूनं बसवलेला. दुसरं डोकं, ते पाटात घालून पाव वळसा फिरवलं की अडकतं. सगळ्या पाटांचं माप एकच, आणि बाहेरून डोक्यांत फरक शोधायचा तर चष्मा लागतो. त्यांनी दोन्ही हात वर केले, डोकं उलटं फिरवून काढलं आणि पालथं केलं.

मागे पेन्सिलीनं, नेटक्या अक्षरांत लिहिलं होतं: अप्पांची खोली.

४

वायरमनचं दुकान म्हणजे एक काउंटर, मागे वायरींची भेंडोळी आणि त्यांच्यामध्ये कशीबशी बसवलेली खुर्ची. पेन्सिलीची अक्षरं पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हे माझंच अक्षर. बसवायच्या आधी मी प्रत्येक डोक्यावर खोली लिहितो, घोळ नको म्हणून. पण हे स्वयंपाकघरात कसं आलं? मी नाही लावलं तिथे."

"मला माहीत आहे. तुम्ही लावलं असतं तर पहिल्याच दिवशी बोंबललं असतं. ते महिनाभर गप्प होतं." बाई खुर्चीवर बसल्या. बसा असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. "दोन डोकी आपापसात बदलली, तर शनिवारचं बटण दाबून कळेल का?"

"नाही कळणार. ती एकमेकांना ओळखतात, कुठे लावलीत याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. बटण दाबलं की चारही वाजणार."

"म्हणजे अप्पांच्या छताला दोन महिने उष्णतेचा अलार्म होता."

त्या दोघांनाही गादी कशी जळते ते ठाऊक होतं. गादी भडकत नाही, धुमसते. तासभर धूर ओकते, आणि छताजवळची हवा तापायला लागते तोवर खोलीत श्वास घेण्यासारखं काही उरलेलं नसतं. दाराच्या फटीतून धूर दिवाणखान्यात झिरपला तेव्हा तिथला अलार्म वाजला. तोवर सगळं संपलं होतं.

"कुठला अलार्म कशासाठी, हे तुम्ही घरात कुणाला समजावून सांगितलंत?"

"ताईंना. अप्पांच्या मुलीला. तो संच त्यांनीच निवडला. चार दुकानं हिंडल्या बिचाऱ्या, जोडलेलेच हवेत म्हणाल्या, कारण अप्पा खाली आणि भाऊ वर. मी चारही टेबलावर मांडले. झोपायच्या खोलीत, दिवाणखान्यात, जिन्याच्या डोक्यावर धुराचे. स्वयंपाकघरात उष्णतेचा. हा धुराला भीक घालत नाही, पण खरी आग लागली की सोडत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य आहे. भाऊ तेव्हा वर होते, त्यांना मी फक्त बटण दाखवलं. वहिनी खांद्याच्या व्यायामाला गेल्या होत्या."

"आणि भाऊंनी दोनदा बोलावलं तेव्हा?"

त्यानं मान खाली घातली. "मी म्हटलं, उष्णतेचा आहे तो, असा वाजणं शक्यच नाही. तुमच्या घरातच सारखं काही तरी पेटत असेल."

"एकदा जाऊन वर हात घातला असतात तर पेन्सिलीचं अक्षर दिसलं असतं."

"दिसलं असतं," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की बाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं.

५

दुपारी बाई पुन्हा जळक्या खोलीत बसल्या. आता त्यांना काय शोधायचं ते ठाऊक होतं. झोपायच्या खोलीतून धुराचा अलार्म हलवायचा तो कशासाठी? जिथे धूर होऊ द्यायचा आहे, तिथेच कुणी तसं करतं.

सुनेनं सांगितलं होतं की अप्पांनी चाळीस वर्षं सिगारेट ओढली आणि तीन वर्षांपूर्वी फुप्फुसांनी हात टेकल्यावर डॉक्टरांनी ती बंद केली. खोलीला वास येतो खरा, पण भिंतींतच मुरलाय तो, जाणार कसा? अलीकडे ते दुपारी थोडा वेळ खिडकी उघडी ठेवायचे. हवा हवी म्हणायचे. तिनं त्यावर विश्वास ठेवला होता.

गादीच्या भिंतीकडच्या बाजूला, पलंगाच्या लोखंडी पट्टीमागे खोचलेली खोकल्याच्या गोळ्यांची चपटी डबी सापडली. वरचा रंग उडाला होता, पण झाकण घट्ट होतं. बाईंनी ते खुरप्याच्या टोकानं उचकटलं. आत सिगारेटची थोटकं होती. सहा.

बाईंनी ती पुन्हा मोजली. अप्पांना काठीशिवाय दिवाणखानाही ओलांडता येत नव्हता. सिगारेट त्यांना कुणी तरी आणून देत होतं आणि थोटकंही तेच माणूस घेऊन जात होतं, नाही तर दोन महिन्यांत डबी केव्हाच भरली असती. रविवार ते शुक्रवार मोजले तर सहा होतात. शनिवारची सातवी डबीपर्यंत पोहोचली नव्हती, गादीतच पडली होती.

६

मुलगी एका डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या काउंटरवर बसायची. ती त्या दिवशीही कामावर आली होती. बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. घरी बसण्यापेक्षा लोकांची नावं लिहून घेणं सोपं असतं. दोघी मागच्या खोलीत गेल्या, जिथे कर्मचारी डबा खात. बाईंनी पेन्सिलीचं अक्षर असलेलं डोकं टेबलावर ठेवलं, शेजारी डबी ठेवली.

"दोन अलार्मांची अदलाबदल झाली," बाई म्हणाल्या. "कुणी केली ते मी माझ्यापुरतं ठरवलंय. कसं ठरवलं ते ऐका, चुकलं तर सांगा. तुमच्या वहिनीचे हात छातीच्या वर जात नाहीत. छतावरचं डोकं फिरवायला दोन्ही हात लागतात. शिवाय जिला भोंग्याचा एवढा जाच, ती तो स्वतःच्या डोक्यावर कशाला आणेल? तुमच्या भावाचा हात पुरतो, पण त्यानं वायरमनला दोनदा घरी बोलावलं. ज्यानं अदलाबदल केली तो माणूस वायरमनला दारात उभं करणार नाही. वायरमननं केली असती तर पहिला महिना शांततेत गेला नसता. आणि या चौघांत, धूर कुठल्या अलार्मला कळतो आणि कुठल्याला कळत नाही हे तेव्हा वायरमनखेरीज एकाच व्यक्तीला ठाऊक होतं."

मुलगी डबीकडे बघत होती.

"स्वयंपाकघरातला भोंगा पहिल्यांदा बोंबलला तो एका सोमवारी," बाई म्हणाल्या. "त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. भाऊ-वहिनी बाजारात, घरात तुम्ही आणि अप्पा."

दवाखान्यात कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. मुलगी खाली बसली. खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"लहान मुलासारखे रडले होते हो ते," ती म्हणाली. "माझे वडील. दिवसाला एकच दे, म्हणाले, आता असे किती दिवस उरलेत. मी द्यायला लागले. मग अलार्म बसले, तेही माझ्याच हट्टानं, आणि त्यांची एक सिगारेटही बंद झाली. ते माझ्याशी बोलेनासे झाले. महिनाभर मी रविवारी जाऊन नुसती समोर बसायची."

"अलार्म नुसता काढूनच का नाही ठेवलात?"

"दादा दर शनिवारी चार आवाज मोजतो. आणि मला अप्पांना उघड्यावर टाकायचं नव्हतं, बाई. खरी आग लागली की सोडत नाही, असं तो वायरमन म्हणाला होता. मला वाटलं, सिगारेटला गप्प बसेल आणि आग लागली तर वाजेल. मला वाटलं, मी दोन्ही साधलं." तिनं हातांनी चेहरा झाकला. "माणूस आगीआधी धुरानं मरतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

बाईंना तिची दया आली. पण सव्वीस वर्षांत त्या एक शिकल्या होत्या, की दया आली तरी पुढचा प्रश्न विचारायचा असतो.

"वहिनीविरुद्ध का लिहून दिलंत?"

"तिनं केलं असतं, तर मी केलं नसतं ना," मुलगी म्हणाली. "शनिवारपासून मी स्वतःला तेच पटवत होते. पटत आलं होतं."

"अहवाल मी आजच देणार आहे. त्यात सगळं येईल. पण तुमच्या वहिनीला ते पोलिसांकडून कळता कामा नये."

७

संध्याकाळी स्वयंपाकघरात चौघं होती. मुलगा दारात उभा. सून ओट्याशी, तिच्या त्याच जागी. मुलीनं खुर्चीची पाठ धरून सगळं सांगितलं. सिगारेटी, स्टूल, अदलाबदल, पोलिसांत लिहून दिलेलं. एकदाही थांबली नाही, काही गाळलंही नाही. काजळीबाईंनी मनातल्या मनात तिला तेवढे गुण दिले.

मुलानं भिंतीला डोकं टेकलं. बहिणीकडे बघावं की बायकोकडे, हे त्याला कळत नव्हतं. अलार्म वाजला तेव्हा अप्पा आधीच गेले होते, ती चार-पाच मिनिटं तुझ्या माथी नाहीत, हे बाईंनी त्याला येताना अंगणातच सांगितलं होतं. त्याचा फारसा उपयोग झालेला दिसत नव्हता.

"मला माफ कर," मुलगी म्हणाली. "मागायचा हक्क नाही मला, तरी मागते. तू त्यांना कधीच ओढू दिली नसतीस, म्हणून तुझ्यापासून लपवलं."

सून इतका वेळ छतावरच्या रिकाम्या पाटाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत आता पाणी नव्हतं. सुटल्याचा आनंद तर मुळीच नव्हता. बाईंना वाटलं, आता ही फुटणार, आणि फुटली तर कुणी तिला दोष देऊ नये.

"दिवसाला एकच ना?" ती म्हणाली. "एकदा मला विचारायचं होतंत, ताई. मी रोज दुपारी त्यांना अंगणात खुर्ची टाकून दिली असती. ते ओढेपर्यंत तिथेच कपडे वाळत घालत उभी राहिले असते."

मुलगी खुर्चीची पाठ धरून होती ती तशीच खाली बसली. कुणी तिला उठवायला पुढे झालं नाही. थोड्या वेळानं सूनच गेली, तिच्याशेजारी जमिनीवर बसली, आणि जिथवर उचलता येत होता तिथवर हात उचलून तिच्या पाठीवर ठेवला.

काजळीबाई बाहेर आल्या. अंगणात शनिवारचे कपडे अजून दोरीवरच होते, काजळीचे ठिपके पडलेले. गाडीत बसून त्यांनी अहवालाचा कागद मांडीवर घेतला आणि लिहायला सुरुवात केली.